अमावास्येची सरळ रेघ

फलटणच्या मलठणात तिशीच्या आतलं कुणीही माणूस थांबवा आणि विचारा, जन्मल्यावर तुला न्हाऊ कुणी घातलं. त्याला आठवणार नाही, पण त्याची आई सांगेल: द्वारकामावशींनी. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत उघडं बाळ ठेवायचं, आधी पालथं, मग उताणं. तेल जिरवायचं, डाळीचं पीठ नि साय लावायची आणि तांब्यातून कोमट पाण्याची धार सोडायची, ही त्यांची विद्या. गावचा मिशीवाला फौजदारसुद्धा मावशी दिसल्या की गाडीवरून उतरायचा. मावशी त्याच्या टोपीकडे बघून म्हणायच्या, "डोकं छान गोल आलंय हो तुझं. दुधी भोपळ्यासारखं होतं, मी दाबून दाबून आणलंय."

चार वर्षांपूर्वी मावशींच्या उजव्या हाताचा अंगठा आपसूक तर्जनीवर घासायला लागला. वात वळताना बोटं फिरतात ना, अगदी तसा. मावशींनी त्यावर आपल्या परीने तोड काढली. रिकामं बसलं की हातात कापूस घ्यायचा. बोटं हलतायत तर हलू देत, बघणाऱ्याला वाटेल बाई वाती वळतेय. वर्षभर हे चाललं. देवळात वाती गेल्या, शेजारी गेल्या, माहेरी गेल्या. शेवटी त्यांचे यजमान, एस.टी. डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले दिगंबरआप्पा, एका संध्याकाळी शांतपणे म्हणाले, "द्वारके, आपल्या घरात समई एक आणि वाती पोतंभर. डॉक्टरांना दाखवू या का?"

पार्किन्सन निघाला. मेंदूच्या बुडाशी मूठभर पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं एक रसायन करतात आणि त्या रसायनाच्या जोरावर आपलं अंग हवं तसं, हवं तेव्हा हलतं. त्या पेशी हळूहळू मरायला लागल्या की हात थरथरतो, पाय जमिनीला खिळतो, चेहऱ्यावरचं हसूसुद्धा उशिरा येतं. मेलेल्या पेशी काही परत आणता येत नाहीत. मात्र मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं, असं औषध देता येतं. अडचण एवढीच, की त्याचं प्रमाण तारेवरच्या कसरतीसारखं असतं. कमी पडलं तर माणूस थरथरतो आणि आखडतो. जास्त झालं तर उलटंच होतं, अंग आपल्या मनाने झुलायला लागतं. मान, खांदे, पाय, सगळं. आप्पांनी ते आपल्या भाषेत समजून घेतलं. "ऑइल कमी तर इंजिन धरतं, जास्त तर धूर ओकतं."

पूर्वी लोक घड्याळ लावून गोळ्या घ्यायचे आणि डॉक्टर तीन महिन्यांतून दहा मिनिटं बघायचे. मावशींच्या वाट्याला नवा काळ आला. त्यांच्या मनगटावर पट्टा होता. त्या पट्ट्यात हालचाल मोजणारा काटा होता, सेकंदाला चार-सहा वेळा होणारी थरथर तो बरोबर ओळखायचा. त्याच्या आतल्या बाजूला, कातडीला टेकलेली, नखाएवढी एक चकती होती. ही चकती घाम चाखायची. पोटात गेलेल्या औषधाचा अंश घामात उतरतो; चकतीवरच्या लेपाशी त्याची गाठ पडली की मुंगीच्या पावलाएवढा विजेचा प्रवाह निघतो, आणि त्यावरून कळतं की अंगात औषध किती उरलंय. पट्टा ते कमरेच्या पंपाला कळवायचा, आणि काड्यापेटीएवढा तो पंप पोटाच्या कातडीखाली बारीक नळीतून लागेल तेवढं औषध सोडायचा. सगळं ठीक असलं की पट्ट्यावर हिरवा ठिपका. वीसेक मिनिटांत औषध उतरणार असलं की पिवळा. उतरलं की लाल.

मावशी त्या पट्ट्याला सासू म्हणायच्या. "बारा महिने हाताला धरून बसलीय. उठले की बघते, बसले की बघते, आणि वर चहाड्या करते."

चहाड्या शर्वरीकडे व्हायच्या. शर्वरी त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पट्टा घेतला त्या दिवशी फोनवर अर्ज भरताना एक रकाना आला होता, पालकाचं नाव. आप्पांना ते ॲप झेपणार नव्हतं, म्हणून तिथे शर्वरीने आपलं नाव घातलं, आणि मग उगाच किती तरी वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली.

तर अशी ही शर्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणेपर्यंत मावशींनी सगळी मांडामांड करून ठेवली होती. शिसवी पाट, पितळी तांब्या, उन्हात ठेवलेलं खोबरेल, वस्त्रगाळ डाळीचं पीठ, धुरीसाठी ओवा आणि बाळंतशोपा. तीस वर्षं परक्यांच्या घरी जाऊन त्यांनी हे केलं होतं; आजार निघाल्यापासून ते थांबलं होतं. आता पहिल्यांदा आपल्या घरी, आपल्या लेकीच्या लेकीला. सव्वा महिना शर्वरी राहणार, मग तिचा नवरा हर्षद न्यायला येणार. म्हणजे सव्वा महिना न्हाऊ. मावशींना याहून जास्त काही नको होतं, आणि याहून कमीही चाललं नसतं.

त्यांची रीत अशी, की आधी बाळंतिणीला तेल लावायचं. बाळंतिणीचं अंग सैलावलं की दूध चांगलं उतरतं, आणि तोवर आपले हातही गरम होतात. पहिल्या दिवशी साडेआठला त्यांनी शर्वरीला पालथं घातलं आणि पाठीला हात लावला. शर्वरीला भीती होती, की हात थरथरेल आणि आपल्याला वाईट वाटेल. पण हात कुठे थरथरत होता? मणक्याच्या दोन्ही अंगांनी ते अंगठे असे फिरले, की तिला रडूच आलं. तेल लावायला घेतलं तेव्हा पट्ट्यावर हिरवा ठिपका होता. नवाला मावशी पाटावर बसल्या, पाय सोडले, म्हणाल्या, "आणा आमच्या बाईसाहेबांना."

तेल लावून झालं. बाळ इतकं खूश, की पालथ्या पालथ्या डुलक्या घेत होतं. पीठ लावलं, आप्पांनी पाण्याचा तांब्या हातात दिला, आणि मावशींची मान एका बाजूला वळली. मग खांदा. मग कमरेपासून सगळं अंग, आत कुणी झोका बांधल्यासारखं, हलायला लागलं. दोन्ही पाय आपल्या मनाने उघडमीट करू लागले आणि पिठाने निसरडं झालेलं ते पाच दिवसांचं बाळ त्या खोबणीतून डावीकडे घसरलं.

शर्वरीने टाके विसरून झेप घेतली. बाळ तिच्या हाताच्या ओंजळीत आलं. त्याला कुठे काही लागलं नाही, फक्त पिठाचं पाणी डोळ्यात गेलं म्हणून ते किंचाळून रडलं. तांब्या मात्र मोरीपर्यंत घरंगळत गेला आणि किती वेळ वाजत राहिला.

दुपार झाली. मावशींचं झुलणं अर्ध्या तासात थांबलं होतं. त्या खाटेच्या कडेला बसून होत्या. शर्वरीने बाळाला पाजता पाजता, खाली बघत सांगितलं.

"आई, तुझ्या पायावर तिला द्यायला मला भीती वाटते."

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर मीही दिली नसती."

आणि त्या उठून चहा टाकायला गेल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर शर्वरीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून रेश्मा यायला लागली. रेश्मा मावशींच्याच हाताखाली तयार झालेली, आता ती स्कूटरवरून गावभर फिरायची आणि पाण्यात बुडवायचा थर्मामीटर बाळगायची. मावशी मोरीच्या दाराशी स्टुलावर बसून राहायच्या. मानेखाली हात घे, असं त्या म्हणायच्या, आणि रेश्मा म्हणायची, "मावशी, तुम्हीच शिकवलंय." कानात पाणी जाऊ देऊ नको. "तेही तुम्हीच शिकवलंय." तिसऱ्या दिवशी मावशी बोलायच्या थांबल्या. त्यांच्याकडे दोन कामं उरली. पाणी कोपराने बघायचं, कारण थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि शर्वरीला तेल लावायचं, कारण लेकीची पाठ काही पायावरून घसरून पडत नाही.

रोज सकाळी साडेआठला त्या शर्वरीला तेल लावायच्या. आणि रोज सव्वानऊच्या सुमाराला, आत रेश्मा बाळाला न्हाऊ घालत असताना, स्टुलावर बसलेल्या मावशी झुलायला लागायच्या. आता तर ज्याची त्याची खात्रीच पटली. आप्पांना वाटलं, बाळाचा आवाज ऐकून तिचा जीव वरखाली होतो. शर्वरीला वाटलं, आईचा आजार पुढे सरकला. पडद्यावर भेटणाऱ्या डॉ. शेंडकरांनी आलेख पाहिला आणि त्या म्हणाल्या, मनावर ताण आला की असं होऊ शकतं, काही दिवस त्यांना त्या जागेपासून लांब ठेवून बघा. मावशींनी ते ऐकलं. मग त्यांनी आपला स्टूल उचलून मागच्या पडवीत नेला, जिथून मोरी दिसत नाही.

झुलणं पडवीतही आलं.

पट्ट्याची आणखी एक खोड होती. त्याला न समजलेली हालचाल झाली, की तो शर्वरीच्या फोनवर विचारायचा: हे काय होतं? खाली पर्याय यायचे. स्वयंपाक, व्यायाम, पडणं, इतर. रोज सकाळी साडेआठ ते नवाच्या मधल्या हालचालीबद्दल तो विचारायचा आणि शर्वरी रोज, मुलीला एका हाताने सावरत, "इतर" दाबून मोकळी व्हायची. पट्टा अशा उत्तरांतूनच शिकतो हे तिला ठाऊक होतं. पण बाळंतिणीला एवढा वेळ कुठला?

सव्वा महिना म्हणता म्हणता सरत आला. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी मुलगी पोटावर झोपली होती, हलायची सोय नव्हती, म्हणून शर्वरीने फोन घेतला आणि सहज म्हणून आईचा महिनाभराचा आलेख उघडला. रोज सकाळी सव्वानऊला एक टेकडी होती. टेकड्यांमागून टेकड्या, गावाकडच्या रस्त्यासारख्या. आणि त्यांच्यामध्ये एके दिवशी काहीच नव्हतं. एक सरळ रेघ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

तिने तारीख बघितली. गेल्या आठवड्यातला गुरुवार. रेश्मा त्या दिवशीही आली होती. बाळ त्या दिवशी तर जास्तच रडलं होतं. मग वेगळं काय होतं? तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली, आणि त्या गुरुवारच्या चौकटीत काळा गोल दिसला. अमावास्या.

द्वारकामावशींच्या शास्त्रात अमावास्येला बाळंतिणीला तेल लावत नसत.

शर्वरी तशीच पडून राहिली. प्रयोगशाळेत ती रोज दोनशे नमुने तपासायची. पाण्यातला क्षार मोजणाऱ्या काडीला तेलाचा हात लागला, की ती काडी खोटं बोलते. आहे ते नाही म्हणते. नवीन आलेल्या पोरींना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. आणि इथे अठ्ठावीस दिवस ती स्वतः तेलात पालथी पडून होती.

तिने आईला हाक मारली. पट्टा दाखव म्हणाली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, चकतीवर, खोबरेलाचा पिवळट थर बसला होता, बोटाने ओढला तर रेघ उमटली. आई तेल लावताना कोपरापर्यंत माखायची. तेलाने घामाची वाट बंद व्हायची. घाम नाही म्हणजे औषध नाही, असं पट्टा समजायचा, आणि घाबरून पंपाला सांगायचा, सोड. पंप आपल्या मर्यादेत राहूनच सोडायचा, पण आधीच पुरेसं असलेल्या अंगात ते जास्तच व्हायचं. पाऊण तासाने आई झुलायची. तेवढ्यात तिने साबणाने हात धुतलेले असायचे, पट्टाही वरवर पुसलेला असायचा, घाम परत लागायचा आणि सगळं पुन्हा हिरवं.

"म्हणजे हा आजार नव्हता?" आप्पांनी विचारलं.

"आजार आहे. पण हे झुलणं आजाराचं नाही. तेलाचं आहे."

आप्पांनी पट्टा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून आतून बघितला आणि बायकोकडे वळून म्हणाले, की तीस वर्षं मी गाड्यांच्या काट्यांवरचं ऑइल पुसत आलो आणि घरातलाच राहिला.

मावशी पदराच्या टोकाने पट्टा पुसत राहिल्या, इतक्या हळू, की जणू सासूचंच तोंड पुसतायत.

डॉ. शेंडकरांनी पडद्यावर आलेख पुन्हा पाहिला. मग त्यांनी सरळ कबूल केलं, की मी ताणाचं म्हणाले ते चुकलं. पट्टा करणाऱ्यांनी पाऊस, साबण, भांड्यांची राख सगळं तपासलं होतं, पण कुणी रोज अर्धा तास कोपरापर्यंत तेलात हात घालेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी पट्टा वर सरकवायला सांगितला, दंडावर, जिथे तेल पोहोचत नाही. दंडाला घाम कमी येतो, म्हणून दोन दिवस यंत्राला नव्याने बसवून घ्यावं लागलं. मावशींनी आरशात बघितलं. त्यांच्या आईच्या दंडावर चांदीची वाकी असायची, बरोबर तिथेच पट्टा बसला होता.

"सासू होती, आता दागिना झाली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तेल लावलं तरी टेकडी आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस नाही. आलेख अमावास्येसारखा सरळ. आता सगळं सुटलं होतं, आणि तरी रेश्मा रोज येतच होती.

कारण शर्वरी काही म्हणत नव्हती. तिला कळत होतं, की आईचा दोष नव्हता, आजाराचाही नव्हता. पण कळणं एका जागी असतं आणि भीती दुसऱ्या. डोळे मिटले की तिला ते घसरणारं पिठाळ अंग दिसायचं, आणि मोरीपर्यंत घरंगळणारा तांब्या ऐकू यायचा. मावशींनीही विचारलं नाही. त्या कोपराने पाणी बघत, धुरी करत, लेकीची पाठ चोळत. एकदाच, तेल लावता लावता, त्यांनी विचारलं, हर्षदराव कधी येतायत. परवा, शर्वरी म्हणाली. पाठीवरचे अंगठे क्षणभर थांबले आणि परत चालू झाले. ते थांबणं शर्वरीला पाठीवर कळलं. या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना न्हाऊ घातलं, आणि मी तिला पडवीत बसवलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिने रेश्माला फोन करून आज नको म्हणून सांगितलं. मग आईला म्हणाली, "आज तू घाल."

मावशींच्या चेहऱ्यावर हसू उशिराच आलं, पण जेव्हा आलं तेव्हा पुरतं आलं. त्यांनी पाणी काढलं, कोपर बुडवलं, पाट मांडला. आणि पाटावर बसायला वाकल्या, तेव्हा दोघींनी एकदमच दंडाकडे बघितलं. ठिपका पिवळा होता.

रात्रभर मावशींना आनंदाने झोप नव्हती, आणि झोप नसली की औषध लवकर सरतं. पंप सोडत होता, पण त्याला चढायला वेळ लागणार. वीस मिनिटं. एका न्हाऊला साधारण तेवढीच लागतात.

मावशी उभ्या राहिल्या. "नको," त्या म्हणाल्या. "पिवळा आहे. आता ती खोटं बोलत नाही, तूच तिला खरं बोलायला शिकवलंस. बोलव रेश्माला."

हर्षद अकराला येणार होता. दुपारी निघायचं. परत कधी येणं होईल, आणि आले तेव्हा आईचे हात कसे असतील, हे कुठलाही आलेख सांगत नव्हता. शर्वरीने बाळाला आप्पांच्या हातात दिलं, गाऊन गुडघ्यापर्यंत ओढला आणि स्वतः पाटावर बसली. पाय लांब सोडले.

"बस माझ्या शेजारी," ती म्हणाली. "पाय माझे. हात तुझे."

मावशी बघत राहिल्या. "असं कुठे असतं का गं?"

"नसतं. आपण करू."

आप्पांनी दुसरा पाट आणला. मायलेकी खांद्याला खांदा लावून बसल्या. शर्वरीच्या नडग्यांच्या खोबणीत बाळ पालथं पडलं, आणि मावशींचे तेलाचे हात त्याच्या पाठीवर आले. टाच वर नको, पाय जवळ घे, गुडघा सैल सोड, मावशी सांगत होत्या आणि शर्वरी करत होती. पायांवर ते ऊन, वजनदार, श्वास घेणारं अंग होतं, आणि त्याच्यावरून आईचे हात फिरत होते; एकाच वेळी तिच्या पायांना दोघींचा स्पर्श कळत होता. आपलीही पाठ कधी काळी अशीच याच हातांखाली होती, हे तिला पहिल्यांदा अंगाने कळलं.

डाळीचं पीठ लावेपर्यंत ठिपका लाल झाला. उजवा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. मावशींनी हात मागे घेतला. शर्वरीने तो मनगटाला धरून परत बाळाच्या छातीवर ठेवला. हात थरथरत होता, पण तो काही धरून नव्हता, त्यामुळे काही सुटणारही नव्हतं. बाळ उताणं पडून आजीच्या तोंडाकडे बघत राहिलं. पाणी आप्पांनी ओतलं, मावशींनी ते हातांनी अडवलं, बाळाच्या कपाळावर हातांची पन्हाळ धरून डोळ्यांच्या बाजूने उतरवलं. एक थेंब डोळ्यात गेला नाही.

"हे मात्र रेश्माला अजून जमत नाही," मावशी म्हणाल्या.

बाळाला टॉवेलात गुंडाळून झालं, तेव्हा फोन वाजला. पट्टा विचारत होता: हे काय होतं? स्वयंपाक, व्यायाम, पडणं, इतर. शर्वरीचं बोट सवयीने "इतर"कडे गेलं आणि थांबलं. खाली, स्वतः लिहिण्यासाठी एक मोकळी ओळ होती, जिच्याकडे तिने महिनाभर पाहिलंच नव्हतं. तेलकट बोटाने तिने तिथे लिहिलं: न्हाऊ.

पट्ट्याने विचारलं, यापुढे अशी हालचाल ओळखू का? तिने हो म्हटलं.

पुण्यात आल्यावर पहिले तीन आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. न्हाऊ ती स्वतःच घालायची. रोज सकाळी बाथरूममध्ये पाट, पाय लांब, आणि हात अजून आईसारखे नाहीत पण शिकत होते. अशाच एका सकाळी बाळ पालथं पडलेलं असताना बादलीशेजारी ठेवलेल्या फोनचा पडदा उजळला. तिने मान तिरकी करून वाचलं.

द्वारका: न्हाऊ. सुरू, ९ वाजून ४ मिनिटं.

तिला वाटलं, यंत्र चुकलं. आई कणीक मळत असेल. पण कणीक मळताना मध्येच हात थांबून पन्हाळ होत नाहीत, आणि पडद्यावरची रेघ तर अगदी तशी थांबत होती. शर्वरीचे हात बाळाच्या पाठीवर फिरत राहिले आणि नजर फोनवर राहिली. मैलोगणती अंतरावर दोन बाळांना एकाच वेळी तेल लागत होतं. नऊ पंचवीसला ओळ आली: न्हाऊ. पूर्ण. ठिपका हिरवा.

तिने ओल्या हाताने फोन लावला. आप्पांनी उचलला. ते नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते. फौजदाराला मुलगा झालाय म्हणाले, आणि तो काल घरी येऊन उंबऱ्यातच बसला, मावशींच्याच हातचं न्हाऊ पाहिजे म्हणून. हिने सरळ सांगितलं, माझे पाय आता कामाचे नाहीत. तर तो म्हणाला, पाय घरचे लावू. बायकोचं सिझर झालंय, ती अजून पाटावर बसू शकत नाही, म्हणून स्वतःच बसला, वर्दीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पाय त्याचे, हात हिचे, पाणी मी ओतलं.

शर्वरीला हसू आवरेना. तिने बाळाला छातीशी धरलं आणि विचारलं, आईला विचारा, बाळाचं डोकं कसं आहे.

आप्पांनी विचारलं असावं, कारण फोनमधून मागून, तेलाचे हात पुसता पुसता बोलल्यासारखा, आईचा आवाज आला.

"बापावर गेलंय. पंधरा दिवस लागतील म्हणावं."